समोरासमोर खेळायचं सुडोकू

सुडोकू म्हटलं की माणूस पेपर आणि पेन्सिल घेऊन एकटाच बसतो. मिरजेत माझ्याकडे शिकवणीला येणारी पाचवी-सहावीची पोरं मात्र ते दोघं दोघं खेळतात. नियम सुडोकूचाच, पण कोडं सोडवायचं नाही. समोरच्याची वाट अडवायची.

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चार बाय चारची सोळा घरं आखा. मधोमध एक उभी, एक आडवी ठळक रेघ मारली की चार-चार घरांचे चार चौक होतात. उरलेल्या कागदाच्या सोंगट्या कापा: १, २, ३, ४ हे आकडे प्रत्येकी चार. सोंगट्या दोघांच्या सामाईक.

पट मध्ये ठेवून समोरासमोर बसा. पाळीपाळीने कोणतीही एक सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात ठेवायची. तोच आकडा त्या आडव्या ओळीत, उभ्या ओळीत किंवा चौकात आधी असता कामा नये. ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. ज्याला ठेवायला जागा उरत नाही, तो हरला.

पट पूर्ण भरतोच असं नाही. एखाद्या घराच्या आडव्या ओळीत १ आणि २, उभ्या ओळीत ३, चौकात ४ आला की ते घर मेलं. सगळी गंमत या मेलेल्या घरांत आहे. शेवटाकडे जिवंत घरं मोजत चला. तुमच्या चालीनंतर सम संख्येने उरली आणि एकमेकांच्या आड येत नसली, तर डाव तुमचा. विषम उरत असतील तर असा आकडा ठेवा, की आणखी एखादं घर मरेल. दोनच घरं उरली असताना एक भरून दुसरं मारता आलं, तर तिथेच जिंकलात. मुलांना हे मी आधी सांगत नाही. ती मोजायला लागली की मला फार आनंद होतो.

दुसऱ्या खेळाडूकडे मात्र हमखास जिंकायची युक्ती असते. समोरच्याने त्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात सोंगटी ठेवली, तर तुम्ही तुमच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात ठेवा. प्रत्येक घराला असंच उलट बाजूचं घर असतं. आकडा असा निवडा, की दोन्ही मिळून ५ व्हावेत: १ ला ४, २ ला ३. ही जोडीची घरं कधीच एका ओळीत किंवा चौकात येत नाहीत. म्हणून त्याला चाल मिळाली, तर तुम्हालाही मिळतेच.

मुलांना हे उमगलं की सुरुवातीलाच कोणत्याही एका घरात चिंचोका ठेवा. ते घर बंद. त्याच्या जोडीचं घर एकटं पडतं आणि युक्ती चालत नाही.

पुढे नऊ बाय नऊचा पट करा. तिथे मधलं घर एकच असल्याने उलटं होतं: पहिला खेळाडू तिथे ५ ठेवतो आणि मग प्रत्येक जोडीची बेरीज १० करत जातो.