कस्टम वॉटर कूलिंग करूनही सीपीयू ९५ अंशावर जातोय? या चुका टाळा

एवढा खर्च करून कस्टम लूप (सीपीयूची उष्णता पाण्याने वाहून नेणारी, स्वतः जोडलेली नळ्यांची साखळी) बसवला, ३६० मिमीचा रेडिएटर, डी५ पंप, सीपीयूवर बसणारा महागातला ब्लॉक, आणि सिनेबेंच (सीपीयूवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) लावलं की पाच-दहा सेकंदात सीपीयू ९५ ला टेकतो. मग बहुतेक जण काय करतात तर अजून एक रेडिएटर मागवतात. थांबा जरा. काहीही विकत घ्यायच्या किंवा खोलायच्या आधी पाण्याचं तापमान मोजा, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच सुटतो.

लूपमध्ये उष्णतेचे दोन टप्पे असतात. कोअरपासून पाण्यापर्यंत एक, आणि पाण्यापासून खोलीतल्या हवेपर्यंत दुसरा. रेडिएटर आणि पंखे फक्त दुसऱ्या टप्प्यावर काम करतात. पहिल्या टप्प्यात अडलं असेल तर तुम्ही तीन रेडिएटर लावा नाहीतर चार, सीपीयू तेवढाच तापणार. म्हणून लूपमध्ये एक साधा टेम्परेचर सेन्सर हवाच, जी१/४ (लूपच्या जोडांचा नेहमीचा आटा) प्लगच्या आकाराचा मिळतो, बऱ्याच मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनचा हेडर असतो, आणि मग एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी आणि सीपीयू शेजारी शेजारी दिसतात. फार महाग नसतो, पण कित्येक लोक आरजीबीवर (रंगीत लायटिंगवर) खर्च करतात आणि हा टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेन्सर नसेल तरी अंदाज येतो. फुल लोड द्या, मग टेस्ट बंद करा आणि ग्राफ बघा. सीपीयू ९५ वरून एक-दोन सेकंदात धाडकन ५० च्या खाली आला तर पाणी थंडच आहे, अडचण ब्लॉक, पेस्ट किंवा वॅटमध्ये आहे. आणि आयडलला येऊनही बराच वेळ ५५-६० वर रेंगाळत असेल तर पाणीच गरम झालंय, म्हणजे रेडिएटर, पंखे नाहीतर खोली. दुसरं, टेस्ट किमान अर्धा तास चालू द्या. पाणी तापायला वेळ लागतो, दहा मिनिटांचा आकडा बघून 'मस्त चाललंय' म्हणू नका.

९५ म्हणजे बिघाडच, असं समजणं

रायझन ९ ७९५०एक्स हा २३० वॅटपर्यंत ओढतो आणि ९५ अंशापर्यंत जायलाच बनवलाय, एएमडीने २०२२ मध्ये ही मालिका आणली तेव्हाच हे सांगितलं होतं. थंडावा जास्त मिळाला तर तो तापमान कमी करण्याऐवजी क्लॉक वाढवतो. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के ची मर्यादा १०० अंश आणि टर्बोला २५३ वॅट, पण कित्येक बोर्ड बायोसमध्ये ही वॅटची मर्यादा काढूनच टाकायचे, मग तो ३०० च्या वर जातो आणि बिचाऱ्या लूपला शिव्या बसतात. त्यामुळे स्पॅनर हातात घ्यायच्या आधी बायोसमध्ये जाऊन इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल लावा, बायोस अपडेट करा (१३व्या-१४व्या पिढीवाल्यांनी तर नक्कीच, ऑगस्ट २०२४ मध्ये व्होल्टेजच्या दोषासाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला तो किंवा त्यानंतरचा हवाच). एएमडीवाल्यांनी बायोसमधला इको मोड (वॅट कमी करतो) किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करतो) बघा. एवढुशा चिपमधून २०० वॅट बाहेर काढायचे म्हणजे पाणी ३५ अंश असलं तरी कोअर आणि पाण्यात ५० अंशाचा फरक पडू शकतो, तो कुठल्याही लूपने शून्य होत नाही.

पाणी थंड, सीपीयू गरम: ब्लॉक उघडायची हीच वेळ

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच असतात. ब्लॉकच्या तळाची पारदर्शक फिल्म काढलीच नाही, हे अजूनही घडतं. जुना ब्लॉक नव्या सॉकेटवर जुन्याच स्टँडऑफने (ब्लॉक ज्यावर बसतो त्या खांबांनी) बसवला, हेही घडतं. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये सीपीयूची उंची आधीच्या एलजीए१२०० पेक्षा कमी आहे, त्यामुळे जुन्या किटने ब्लॉक घट्ट बसलाय असं हाताला वाटतं पण खाली दाबच येत नाही. शिवाय एलजीए१७०० चा लॅच लांबट सीपीयूला मधे दाबून किंचित वाकवतो, त्यासाठी लॅचच्या जागी बसवायची कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, तिने काही अंश कमी होतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या सीपीयूत कोअरचे चिपलेट (छोट्या चिप) बरोबर मध्यभागी नसतात, थोडे खालच्या बाजूला असतात, म्हणून ब्लॉक त्या बाजूला सरकवणारं ऑफसेट माउंट मिळत असेल तर जरूर वापरा.

ब्लॉक काढलात की लगेच पुसू नका, पेस्टचा ठसा नीट बघा. मधे पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू जवळजवळ दिसतोय आणि कडेला जाड वळ आलाय, म्हणजे दाब बरोबर. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर ब्लॉक तिरका बसलाय. चारही स्क्रू आधी हलके पकडवा आणि मग तिरक्या रेषेत समोरासमोरचे, दोन-दोन आटे करत घट्ट करा. एक कोपरा पूर्ण आवळून मग पुढच्याकडे जाणं चूक. पेस्ट मधोमध कोरडी पडली असेल तर ती गरम-थंड होऊन बाहेर ढकलली गेलीये, नवीन लावा, नाहीतर पीटीएम७९५० सारखं फेज चेंज पॅड (गरम झाल्यावर मऊ होऊन पसरणारं) टाका, ते तसं सरकत नाही.

मग इन-आउट. बऱ्याच ब्लॉकमध्ये पाणी एका ठरलेल्या पोर्टमधूनच आत जायला हवं, कारण आत जेट प्लेट असते आणि ती पाणी थेट कोअरच्या वरच्या बारीक चॅनलवर सोडते. नळ्या उलट्या जोडल्या तर लूप चालतो, आवाज नाही, गळती नाही, फक्त काही अंश जास्त. म्हणूनच ही चूक वर्षभर लक्षात येत नाही. मॅन्युअलमध्ये एक ओळ असते, वाचा ती.

आणि लूप आधी छान चालत होता, हळूहळू तापायला लागलाय असं असेल तर ब्लॉक खोलाच. वरचं कव्हर काढलं की तांब्याचे केसाएवढे बारीक फिन दिसतात, आणि बिघडलेल्या ब्लॉकमध्ये त्यांच्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरट चिकट थर बसलेला असतो. साध्या पीव्हीसी नळीतून सुटलेलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) ते, नाहीतर पेस्टल रंगाच्या कूलंटमधले कण. जुना मऊ टूथब्रश, डिश सोप, कोमट पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ओ-रिंग खाचेत परत नीट बसली का ते दोनदा बघा. मऊ नळीच हवी असेल तर ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) घ्या, काळी असते, दिसायला साधी, पण हा त्रास जातो.

पंप फिरतोय, पण पाणी फिरतंय का?

रेडिएटर पूर्ण थंड, ब्लॉकमधून बाहेर येणारी नळी गरम आणि सीपीयू मिनिटभरात मर्यादेवर, असं असेल तर फ्लो थांबलाय, ताबडतोब मशीन बंद करा. पंपाला पॉवर साटा किंवा मोलेक्समधून मिळते, पण पीडब्ल्यूएमची (वेग ठरवणारी) वायर बोर्डच्या हेडरला असते आणि बायोस त्याला पंखा समजून सायलेंट मोडमध्ये अगदी हळू फिरवतं. तो हेडर फिक्स स्पीडवर ठेवा. रिझर्व्हॉयर पंपाच्या वर किंवा त्याच लेव्हलला असलाच पाहिजे, पंप कोरडा एक मिनिटही चालवू नका.

फ्लो खूप वाढवून फार काही मिळत नाही हेही सांगतो. मिनिटाला एक लिटर फ्लो असला तरी २५० वॅटने पाणी ब्लॉकमधून जाताना साधारण साडेतीन अंशच तापतं, तीन लिटर केला तर सव्वा अंश. म्हणून रेडिएटर आधी की सीपीयू आधी यावर डोकं आपटू नका.

पाणीच गरम असेल तर

पाणी खोलीपेक्षा १० अंश वर, ही चांगली स्थिती. १५ पर्यंत चालतं. २० च्या वर गेलं की बघा: रेडिएटरच्या फिनमध्ये धूळ, पंखे कमी स्टॅटिक प्रेशरचे (दाट फिनमधून हवा ढकलू न शकणारे), किंवा समोरची काच बंद असल्याने हवाच नाही. साइड पॅनेल काढून टेस्ट चालवा, पाणी ४-५ अंशाने उतरलं तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा. वरचा रेडिएटर ग्राफिक्स कार्डची गरम हवा ओढत असतो, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पंख्यांचा कर्व्ह सीपीयूवर नाही, पाण्याच्या सेन्सरवर लावा, म्हणजे ब्राउझर उघडताच पंखे ओरडत नाहीत.

खोलीचं तापमान तर जसंच्या तसं लूपमध्ये येतं. पुण्यात जानेवारीत २० अंशाला घेतलेला रिझल्ट मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरच्या ४० अंशाच्या खोलीत कसा येईल? सीपीयू साधारण २० अंश जास्तच दाखवणार (मर्यादेला टेकला तर क्लॉक कमी करणार) आणि तो बिघाड नाही. तिथे वॅट कमी करणं किंवा एसी, हेच उपाय. फक्त पाणी ६० च्या जवळ जाऊ देऊ नका, पंप आणि हार्ड नळ्या, खास करून पीईटीजी प्लास्टिकच्या, त्यापुढे धोक्यात येतात.

पाणी कुठलं घालताय

आरओचं पाणी नको, त्यात क्षार राहतात, आणि बोअरचं तर विचारूच नका. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंजरोधक व बायोसाइड (शेवाळ, जंतू रोखणारं), किंवा तयार क्लिअर कूलंट. पेट्रोल पंपावरचं बॅटरी वॉटर घेत असाल तर लेबलवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलंय ना हे पाहा, ॲसिडचा कॅन शेजारीच असतो. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच लूपमध्ये कधीच नको, ॲल्युमिनियम खात जातं आणि तो चुरा ब्लॉकमध्येच अडकतो.

परत भरताना बोर्डला करंट देऊ नका, पॉवर सप्लायला जम्पर (बोर्डशिवाय तो सुरू करणारा छोटा प्लग) लावून फक्त पंप चालवा, सगळ्या जोडांखाली टिश्यू ठेवा, रिझर्व्हॉयरचं झाकण सैल ठेवून कॅबिनेट थोडी इकडे-तिकडे तिरकी करत हवा काढा. रात्रभर चालू द्या. सकाळी टिश्यू कोरडे आणि पाण्यात बुडबुडे नाहीत असं दिसलं की मग सिनेबेंच लावा, आणि अर्ध्या तासाने खोली, पाणी आणि सीपीयू हे तिन्ही आकडे लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच करायची आहे.