जुन्या गाडीचा पुढचा एक्सल बदलताना

मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांना ओढ असलेल्या जुन्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना चाकाकडून लयीत कट-कट आवाज येत असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या एक्सलच्या, म्हणजे शाफ्टच्या, चाकाकडील टोकाचा वळता सांधा) झिजला आहे असे बहुधा समजावे. चाकाच्या रिमवर आतून ग्रीसचे शिंतोडे दिसले की निदान पक्के होते, कारण जॉइंट मरतो तो बहुतेक वेळा त्यावरच्या फाटलेल्या रबरी बुटामुळेच (आवरणामुळेच): ग्रीस बाहेर पडते आणि धूळ-पाणी आत शिरते. बूट नुकताच फाटला असून आवाज नसेल, तर जॉइंट साफ करून नवे ग्रीस आणि नवा बूट एवढेच पुरते.

हबचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा) नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा. त्याआधी नट अडवणारी स्प्लिट पिन काढावी, हँडब्रेक ओढावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मगच गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. त्यानंतर चाक आणि सैल केलेला नट काढून गिअरबॉक्सचे ऑइल भांड्यात काढावे आणि लोअर आर्मचा (हबला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवून हब बाहेरच्या बाजूला ओढावा. या वेळी ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नये. एक्सल हबमध्ये अडकला असेल, तर नट टोकावर दोन-चार आटे बसवून लाकडी ठोकळ्यावरून ठोकावे, म्हणजे आटे खराब होत नाहीत.

सर्वाधिक सांभाळायचे ते गिअरबॉक्सच्या बाजूला. शाफ्टला धरून ओढल्यास आतला जॉइंट सुटून बुटात विखुरतो. म्हणून जॉइंटच्या वाटीमागे टॉमी (लोखंडी पहार) लावून हलक्या झटक्याने तो उचकटावा. एक्सल बाहेर आलाच आहे, तर ऑइल सीलही (गिअरबॉक्सचे ऑइल गळू न देणारी कडी) बदलावे, असे माझे ठाम मत आहे.

नवा एक्सल जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि दाते जुळवावेत. सीलच्या ओठाला थोडे ऑइल लावून, दात्यांनी तो ओरखडणार नाही अशा बेताने, सर्क्लिप (एक्सल अडकवून ठेवणारी तारेची कडी) ‘टक्’ बसेपर्यंत एक्सल आत ढकलावा आणि वाटी ओढून खात्री करावी. बॉल जॉइंट बसवून चाक लावल्यावर गाडी खाली उतरवावी आणि मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) नट आवळून नवी स्प्लिट पिन घालावी. नट सैल असताना गाडी ढकलू नये, कारण त्याने बेअरिंग बिघडू शकते. शेवटी मॅन्युअलप्रमाणे ऑइल भरून एक फेरी मारावी आणि सीलभोवती गळती आहे का, ते पाहावे.