स्वतःची ओळख रेखाटताना: आधी निरीक्षण, मग कल्पना

स्वतःविषयीचे चित्र काढायला बसले की बहुतेक जण आधी प्रतीके शोधतात: वाचनाची आवड म्हणून पुस्तक, स्वातंत्र्य म्हणून पक्षी, गाव म्हणून डोंगराआड मावळणारा सूर्य. अशा चित्रात आपल्याला स्वतःविषयी जे आधीपासून ठाऊक असते तेवढेच उतरते. काही नवे उमगायला हवे असेल, तर कल्पनाचित्राच्या आधी निरीक्षणचित्र यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात रोजच्या वापरातल्या वस्तूपासून करावी. ती शोभेची नसावी, हाताळून झिजलेली असावी. जुनी कोल्हापुरी चप्पल यासाठी फार चांगली, कारण कातडे पावलाचा ठसा धरून ठेवते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८६ मध्ये पॅरिसला असताना एक जुना, चुरगळलेला बूटजोड रंगवला. त्यात माणूस कुठेच नाही, तरी तो घालणाऱ्याचे चालणे जाणवते. चप्पल खिडकीजवळ अशी ठेवावी की उजेड एकाच बाजूने पडेल आणि खळगे, सुरकुत्या सावलीमुळे उठून दिसतील.

पहिले रेखाटन कागदाकडे न पाहता करावे. नजर चपलेच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकू द्यावी आणि पेन्सिल तिच्यामागून न उचलता चालवावी. रेषा वेडीवाकडी येईल, तिकडे लक्ष देऊ नये. या सरावाचा हेतू डोळ्याला घाईची सवय सोडायला लावणे हा आहे. दुसऱ्या रेखाटनात मात्र प्रमाण सांभाळावे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्यांना वस्तुचित्राची ही रीत आठवेल: हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचे. पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागांचे आकारही वस्तूइतक्याच काळजीने काढावेत. रेषांसाठी २बी आणि गडद सावलीसाठी ६बी पेन्सिल पुरते. खोडरबर दूर ठेवावे. चुकलेली रेषा तशीच राहू देऊन तिच्याशेजारी नवी काढावी.

अंगठ्याखालचा काळपट खळगा, बाहेरच्या बाजूने जास्त झिजलेली उजवी टाच, शिवण उसवल्यावर घातलेला वेगळ्या रंगाचा दोरा, असे जे दिसते ते समासात साध्या शब्दांत नोंदवावे. ‘मी फार कष्ट केले’ असा निष्कर्ष लिहू नये. ‘उजवी टाच डावीपेक्षा जास्त झिजली आहे’ एवढेच लिहावे. अर्थ नंतर लागतो, आणि पुष्कळदा तो अपेक्षेपेक्षा वेगळा असतो.

अशी काही वस्तुचित्रे झाली की स्वतःच्या डाव्या हाताकडे वळावे (डावखुऱ्यांनी उजव्या), आणि चेहरा सर्वांत शेवटी घ्यावा, कारण चेहऱ्याविषयी आपले ग्रह सर्वांत पक्के असतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तरी नवखा हात ते हमखास वर सरकवतो. आरशासमोर बसण्याची जागा पक्की करावी आणि हसू आणू नये. काही महिन्यांनी तोच चेहरा पुन्हा काढावा. डच चित्रकार रेम्ब्रांटने हे काम तरुणपणापासून १६६९ या मृत्यूच्या वर्षापर्यंत चालू ठेवले होते.

यानंतरच कल्पनाचित्राची वेळ येते. सगळी रेखाटने जमिनीवर पसरावीत आणि हात सर्वाधिक कुठे रेंगाळला ते पाहावे. अंतिम चित्रात कोण मोठे, कोण लहान आणि कशाला जागाच नाही, हे त्यावरून ठरवावे. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, हंगेरियन आई आणि शीख वडील लाभलेल्या अमृता शेरगिल यांनी १९३४ मध्ये स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवले आणि मागे एका पुरुषाची सावली दाखवली. चेहरा निरीक्षणातला आणि रूप निवडलेले, अशी ती जोडणी आहे. आपल्याही चित्राचे पाच-सहा छोटे कच्चे आराखडे करून मांडणी पारखावी. एखादी नवी वस्तू चित्रात हवीशी वाटली, तर आठवणीवर विसंबून ती काढू नये. ती शोधून आणावी, खिडकीजवळ ठेवावी आणि आधी तिचे रेखाटन करावे.