कोल्हापुरी जिभेने जगाची चव कशी घ्यावी

खाद्य आणि वाईन महोत्सवात एका संध्याकाळी दहा-बारा देशांचे पदार्थ आणि जवळजवळ तितकीच पेये समोर येतात, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला कोल्हापूरकर पहिल्याच टेबलावर बहुधा विचारतो, "तिखट आहे का?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावर पदार्थाची पारख केली की अर्धा महोत्सव हातातून निसटतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यात लागते तशी भरीव चव) या जिभेला कळणाऱ्या चवी आहेत. तिखट ही त्या अर्थाने चवच नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या तंतूंना चेतवते आणि आपल्याला भाजल्यासारखे वाटते. तो दाह एकदा उठला की पुढची पंधरा-वीस मिनिटे बारीक चवी त्याखाली दबून जातात. म्हणून कोल्हापुरात एखाद्या हिरवळीवर भरणाऱ्या महोत्सवाला जायचे असो किंवा इथून मुद्दाम पुणे, नाशिक, गोवा गाठायचे असो, तिखट शेवटी ठेवावे. पुढची बहुतेक पथ्ये याच एका गोष्टीभोवती फिरतात.

तयारी सकाळपासून

काही वर्षांपूर्वी अशा एका महोत्सवाच्या दिवशी मी सकाळी मिसळ खाल्ली, तीही वरून दोनदा कट घेऊन आणि ब्रेडच्या चार स्लाइस संपवून, आणि दुपारी थेट वाईनच्या टेबलापाशी उभी राहिले. पहिल्या तिन्ही पांढऱ्या वाईन मला पाण्यासारख्या लागल्या. शेजारची बाई त्याच वाईनमध्ये पेरूचा वास येतो असे सांगत होती आणि मला काहीच जाणवत नव्हते. वाईनमध्ये खोट नव्हती, माझी जीभ सकाळपासून थकलेली होती. तेव्हापासून अशा दिवशी मी सकाळी साधे पोहे खाते आणि निघण्याआधी दीड-दोन तास वरण-भात किंवा दही-भाकरी असे सौम्य पण पोट धरणारे जेवण घेते. रिकाम्या पोटी जाऊ नये, कारण तेव्हा मद्य रक्तात फार लवकर उतरते. भरगच्च जेवूनही जाऊ नये, कारण मग चौथ्या पदार्थापासून चाखणे हे ओझे होते.

पान, सुपारी, तंबाखू त्या दिवशी वर्ज्य समजावे. अत्तर लावू नये आणि केसांत मोगऱ्याचा गजराही माळू नये. वाईनचा मोठा भाग नाकानेच कळतो, आणि गजऱ्याचा दरवळ आपल्याबरोबर शेजाऱ्याच्याही पेल्यात शिरतो.

महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी किमान वय 21 वर्षे, तर त्याहून कडक मद्यासाठी 25 वर्षे आहे, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवावा आणि मद्य परवान्याची व्यवस्था आयोजकांनी केली आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी मद्यविक्री बंद असते. परत येताना गाडी कोण चालवणार, हे घरून निघतानाच ठरवावे, आणि त्या माणसाने एक घोटही घेऊ नये. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि कोणत्या घोटाला ती मर्यादा ओलांडली जाईल, याचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही.

पहिली फेरी काहीही न खाता

आत गेल्यावर कूपन फाडण्याची घाई करू नये. आधी सगळे मैदान एकदा चालून घ्यावे, कोणत्या टेबलावर काय आहे, कुठे अन्न झाकून गरम ठेवले आहे आणि कुठे उघडे पडले आहे, हे पाहावे. गरम पदार्थातून वाफ निघाली पाहिजे आणि थंड पदार्थाखाली बर्फ असला पाहिजे. कच्चे मासे, अंडी घातलेले सॉस, मलईचे गोड पदार्थ यांच्या बाबतीत ही अट अजिबात सोडू नये. मग पाच-सहा पदार्थ आणि चार-पाच पेये निवडावीत. चौघे मिळून गेल्यास एकेक ताटली चौघांत वाटून घ्यावी. आपल्याला पंगतीत पानात पडलेले संपवायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, म्हणून इथे पानात मुळातच दोन घासांपुरते घ्यावे.

शाकाहारी वाचकांनी, आणि मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्यांनी, केवळ "व्हेज आहे ना?" एवढे विचारून थांबू नये. थाई करीमध्ये भाज्याच दिसत असल्या तरी तिच्या वाटणात बहुधा सुकी कोळंबी आंबवून केलेली पेस्ट असते आणि वरून माशाचा सॉस पडतो. कोरियन किमची कोबीची असली तरी तिच्यातही अनेकदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. इटलीचे अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजतात, आणि पॅना कोट्टा या गोड पदार्थात प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले जिलेटिन असते. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन घरांतल्या मंडळींनीही प्रत्येक घटकाचे नाव घेऊन विचारावे. शेंगदाणे, तीळ किंवा कोळंबी सोसत नसेल, तर हाच प्रश्न जिवाचा असतो.

वाईन चाखण्याची रीत

क्रम असा ठेवावा : आधी फेसाळणारी, मग हलकी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, आणि शेवटी गोड. एकदा जड लाल वाईन तोंडात गेली की मागून आलेली हलकी पांढरी फिकी पडते, जसे तांबड्या रश्श्यानंतर साधे वरण लागत नाही.

पेला नेहमी देठाला धरावा, म्हणजे तळहाताच्या उबेने वाईन तापत नाही. आधी वाईन न हलवता वास घ्यावा, मग पेला टेबलावरच दोन-तीनदा गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दुसऱ्यांदा वास जास्त उघडलेला असतो. ओळखीच्या वासांची नावे आपल्याच स्वयंपाकघरातून आणि परसातून घ्यावीत. "ब्लॅककरंट" हे फळ ज्याने कधी पाहिलेले नाही, त्याने तो शब्द वापरण्यात अर्थ नाही. सोव्हिन्यों ब्लांक या द्राक्षाच्या वाईनमध्ये पिकल्या पेरूचा आणि ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि ती केवळ कल्पना नव्हे : ढोबळी मिरचीला तिचा हिरवा वास देणारे रसायन त्या द्राक्षातही असते. शिराझ द्राक्षाच्या लाल वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास आला, तर त्याचेही कारण तेच. मिरीतला रोटंडोन नावाचा घटक त्या द्राक्षाच्या सालीत सापडतो. कुणाला गुऱ्हाळावरची काकवी आठवेल, कुणाला पहिल्या पावसात भिजलेली माती. जे आठवेल ते तसेच लिहावे.

मग छोटा घोट घेऊन चूळ भरल्यासारखा तोंडभर फिरवावा आणि ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी, कारण तोंडातला वास घशामागून नाकापर्यंत पोहोचतो तेव्हाच पूर्ण स्वाद कळतो. दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. आंबटपणा असेल तर जिभेच्या कडांना पाणी सुटते. तुरटपणा असेल तर हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, अगदी मूठभर जांभळे खाल्ल्यावर पडते तशी. हा तुरटपणा टॅनिनचा असतो. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, आणि लाल वाईनचा रस सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात तो जास्त असतो. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच गाळून घेतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातून आपल्याकडे येणारी खायची द्राक्षे मोठी, पातळ सालीची आणि बिनबियांची असतात. वाईनची द्राक्षे बहुधा त्याउलट, लहान, जाड सालीची आणि बियांची.

लाल वाईन "खोलीच्या तापमानाला" प्यावी असे म्हणतात, पण ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंश सेल्सिअसची. कोल्हापुरातल्या एप्रिलच्या संध्याकाळी बाहेर ठेवलेली लाल वाईन नुसती जळजळीत लागते, तेव्हा ती थोडा वेळ बर्फात ठेवून मागावी. पांढरी 8 ते 12 अंशांना चांगली लागते.

चाखून झाल्यावर वाईन थुंकायचे भांडे ठेवलेले असते, ते निःसंकोच वापरावे. आपल्या संस्कारात चारचौघांत थुंकणे अशिष्ट, पण या टेबलावर तोच शिष्टाचार आहे. साधा हिशेब पाहावा : 30 मिलिलिटरचे बारा नमुने गिळले तर 360 मिलिलिटर होतात, म्हणजे 750 मिलिलिटरची जवळपास अर्धी बाटली, तीही उभ्या-उभ्या. प्रत्येक वाईनमागे एक घोट पाणी आणि साध्या ब्रेडचा तुकडा घ्यावा.

पदार्थ : अनोळखी ताटातले नातलग

नवा पदार्थ समजून घेण्याचा माझा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याचे आपल्या स्वयंपाकातले नातलग शोधणे. इथिओपियाची इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून करतात. तिची जाळी आणि आंबूस चव पाहिली की आंबोळी आठवते, आणि ती हातानेच तोडून खायची असल्यामुळे आपण तिथे लगेच रुळतो. पश्चिम आशियातल्या हमसमध्ये वाटलेले काबुली चणे आणि तिळाची ताहिनी असते, बाबा गनूश तर भाजलेल्या वांग्याचे भरीतच. जपानी सुशीबरोबर येणारी वसाबीची हिरवी चटणी मिरचीसारखी जिभेवर रेंगाळत नाही, ती सरळ नाकात चढते आणि क्षणात उतरते. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी येते, ते ज्या बाष्पामुळे, तेच वसाबीतही असते. म्हणून ती बोटभर न घेता तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी.

मेक्सिकोच्या टेबलाला मी नेहमी जास्त वेळ देते. मिरची मूळची तिकडची. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली आणि मग संकेश्वरी, लवंगी अशी इथलीच होऊन गेली. तिकडे मोले नावाचा एक दाट रस्सा करतात. सुक्या मिरच्या भाजून भिजवायच्या, तीळ, बदाम आणि मसाले वेगवेगळे परतायचे, दाटपणासाठी भाजलेला टॉर्टिया, म्हणजे तिकडची मक्याची पातळ भाकरी, घालायचा, सगळे बारीक वाटायचे आणि तेलात परतून शिजवायचे. काही प्रकारांत शेवटी थोडे कडू चॉकलेट पडते. सुके खोबरे, तीळ, खसखस भाजून पाट्यावर वाटण केलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ही सगळी कृती न सांगता कळते. पहिला घास घेताना आधी तीळ लागतो, मग मिरचीचा धुरकट वास, मग चॉकलेटचा हलका कडवटपणा, आणि दाह सर्वांत शेवटी, तोही सौम्य. मिरची दाहासाठी न वापरता रंग, वास आणि दाटपणासाठी किती वापरता येते, हे त्या एका घासात कळते. थाई हिरवी करी मात्र तिखट असते. तिच्यातले नारळाचे दूध पांढऱ्या रश्श्याची आठवण करून देत असले, तरी ती शेवटच्या टप्प्यातच घ्यावी.

तिखटाबरोबर काय प्यावे

मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही मिरचीच्या दाहाला धार लावतात, म्हणून झणझणीत पदार्थाबरोबर जड लाल वाईन घेतली तर ती कडू लागते आणि तोंड आणखी पेटते. त्यापेक्षा कमी मद्यार्काची, किंचित गोड पांढरी वाईन घ्यावी. शेनिन ब्लांक किंवा रिस्लिंग द्राक्षाची अशी वाईन मिळाल्यास उत्तम. आपल्याकडे शेनिन ब्लांक नाशिकच्या बाजूला पिकते. दाह असह्य झाला तर पाण्याने तो शमत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून नेते. दूध कट्ट्यांच्या शहरात हे वेगळे सांगायला नकोच. फक्त दूध किंवा दही घेतल्यावर जिभेवर साय बसते, तेव्हा त्यानंतर वाईन चाखायची असल्यास मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

मद्य न घेणाऱ्यांनी आपल्याला इथे काही नाही असे समजू नये. तुर्कस्तानचे आयरान म्हणजे आपले खारे ताकच, फक्त थोडे दाट. इजिप्तचे कर्कदे हे लाल सरबत अंबाडीच्या बोंडांचे असते, आंबट आणि किंचित तुरट, आणि तेलकट पदार्थाबरोबर लाल वाईनचे काम चोख करते. तुर्की कॉफीचा गाळ तळाशी बसू द्यावा आणि शेवटचा घोट कपातच सोडावा.

शेवटची फेरी आणि वही

दोन-अडीच तासांत जीभ थकते. मग कितीही कूपने उरली असली तरी नवी वाईन उघडायला सांगू नये. आता तिखटाची पाळी. थाई करी, किमची, आणि मैदानात एखादे स्थानिक टेबल असेल तर तांबड्या रश्श्याची वाटी, या क्रमाने मनसोक्त खावे.

प्रत्येक पदार्थ आणि वाईन चाखल्यावर लगेच, पुढच्या टेबलाकडे जाण्याआधी, वहीत दोन ओळी लिहाव्यात : नाव, देश, काय आठवले, पुन्हा हवे का. लेबलचा फोटो काढला तरी या दोन ओळी लिहाव्यातच, कारण दुसऱ्या दिवशी बारा फोटो एकसारखे दिसतात. त्यांतली एखादी वाईन महिन्याभरात घरी आणून पांढऱ्या रश्श्याशेजारी पुन्हा चाखून पाहावी; गर्दीत उभ्याने लागलेली चव घरच्या ताटाशेजारी बरीच बदलते. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.