घाट उतरायची तयारी

पुणे, वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, महाड, रायगड आणि परत वरंधा घाटाने भोरमार्गे पुणे. सहा दिवसांचा हा फेरा सायकलने करणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘एवढे घाट चढणार कसे?’’ चढणं जमतं हो. दम लागला की उतरायचं आणि सायकल ढकलत न्यायची, कुणी हसत नाही. तयारी लागते ती उतरायची. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर, घाटाखालचं पोलादपूर जवळजवळ कोकणच्या सपाटीला, आणि मधे अंतर जेमतेम ४० किलोमीटर. अफजलखानाची फौजसुद्धा वाईहून जावळीत उतरली ती ज्या घाटाने, त्याचं नावच रडतोंडी. आपण आंबेनळी घाटाच्या डांबरी रस्त्याने जातो, एवढाच फरक.

तेव्हा महिनाभर आधी सायकल उलटी करून ब्रेक पॅड बघा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडवरचा मसाला १ मिलिमीटरच्या आसपास आला की घाटासाठी तो संपला असंच धरायचं. शहरात अजून महिनाभर चालला असता, हा हिशोब इथे लागू नाही. मी एकदा तोच हिशोब केला होता. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि मागच्या चाकातून किर्र असा आवाज यायला लागला, सुरी दगडावर घासल्यासारखा. मसाला संपून पॅडची पत्री डिस्कवर घासत होती. पुढचा ब्रेक जपत, अर्धा उतार चालत, पोलादपूरला पोचायला अंधार झाला. तेव्हापासून पॅडचे दोन जोड बरोबर असतात. वजन किती, तर खिशातल्या चिल्लरइतकं.

नवे पॅड निघायच्या आदल्या रात्री बसवू नका. ते आधी डिस्कवर बसावे लागतात : रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, असं पंधरा-वीस वेळा. चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडाला तर पॅड गेलेच समजा, म्हणून तिथे फडकं धरा. रिम ब्रेकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचे पॅड थेट चाकाच्या कडेवर घासतात त्यांनी, आणखी जपायचं. सतत दाबून धरला तर रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवायचा, वळणात सोडायचा, बूड सीटवर मागे सरकवायचं. याचा सराव कात्रजच्या जुन्या घाटात दोन-तीन रविवार केलात तरी पुष्कळ, पण सामान लादून करा. मोकळ्या सायकलचा सराव फसवा असतो. मागच्या कॅरियरवर आठ-दहा किलो आले की सायकल वळणात तुमचं ऐकण्याआधी जरा विचार करते.

म्हणूनच सामान भरण्याची पद्धत महत्त्वाची. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, कुलूप, चार्जर, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत तळाला आणि सारख्या वजनाने. कपडे वर. हँडलला काहीही लटकवायचं नाही, खाऊची पिशवीसुद्धा नाही. (माकडं हा प्रतापगडावर आणि वरंध्यात वेगळाच विषय आहे, केळी दिसतील अशी बांधलीत तर ती तुमची नव्हेत.)

गिअरचं थोडक्यात. वाईहून पाचगणीला पसरणी घाट १२-१३ किलोमीटर, चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे राक्षसी नाही पण संपत नाही. पुढे ३४ दात्यांची छोटी चकती असेल तर मागे मोठी चकतीही ३४ ची असावी. पायाची एक फेरी, चाकाची एक फेरी, आणि गप्पा मारत चढता येतं. मागे २८ असेल तर बदलून घ्या, फक्त तुमचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एवढी मोठी चकती झेपवतो का ते दुकानात आधी विचारा.

पंक्चरचं सामान सगळेच घेतात : दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पंप. विसरतात ते व्हॉल्व्हचं. आपल्या सायकलींना बहुतेकदा बारीक व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसतो. मधे लावायचा पितळी अडॅप्टर अंगठ्याच्या नखाएवढा, किंमत किरकोळ. तो नसला की दुकानासमोर उभं राहून हातपंपाने घाम गाळायचा. त्याबरोबर चेनची जोडकडी, डिरेलरचा हँगर (तो ज्या पत्रीवर टांगलेला असतो ती) आणि चार-पाच प्लॅस्टिकचे झिप टाय. यातलं पोलादपुरात मिळेल अशी आशा धरू नका.

कपड्यांत गंमत अशी की डिसेंबरात तुम्ही घामाने भिजून महाबळेश्वरला पोचता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच अंगाने उताराला लागता. पाय फिरत नाहीत, त्यामुळे अंगात ऊब नसते, आणि वारा थेट छातीत. पातळ विंडचीटर हवाच. तो विसरलात तर महाबळेश्वरच्या बाजारपेठेत सकाळचा पेपर घ्या, दुमडून जर्सीच्या आत छातीवर ठेवा. जुनी युक्ती आहे, पण काम करते. शिवाय खाली टपरीवर पोचलात की वाचायलाही होतो. बोटं पूर्ण झाकणारे हातमोजे घ्या. गारठलेल्या बोटांना ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. महाडला पोचेपर्यंत हे सगळं काढून पिशवीत कोंबावं लागतं, कारण तिथे भर थंडीतही दुपारी उकडतं. एका दिवसात दोन ऋतू. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि ओआरएसची पाकिटं कोकणातल्या दोन दिवसांसाठी.

आता गड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले, त्यातले रायगड आणि प्रतापगड या वाटेवर आहेत, आणि दोन्हीकडे सायकल खाली ठेवून पायीच जायचं. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा खटका) लावलेले बूट घालून दगडी पायऱ्या उतरून बघाच एकदा, पुन्हा करणार नाही. पकड असलेले हलके बूट वेगळे घ्या. रायगडाच्या चौदाशेहून जास्त पायऱ्या चढताना मांड्या बोलतात, उतरताना गुडघे. आणि दुसऱ्या दिवशी वरंधा चढायचा असतो. म्हणून रायगडाचा दिवस सुटा ठेवा : पहाटे महाडहून पाचाड, जिजाऊंच्या समाधीचं दर्शन, ऊन चढायच्या आत गड, संध्याकाळी महाडला मुक्काम. रोपवे आहे. तो वापरला म्हणून महाराज रागावणार नाहीत, निदान उतरताना तरी.

गडाखाली सायकल कुठे ठेवायची? कुलूप लावाच, पण त्याहून मोठं कुलूप म्हणजे टपरीवरच्या मावशी. मी पाचाडला विचारलं, ‘‘मावशी, सायकल इथं लावू का?’’ त्यांनी सायकलकडे न बघताच म्हटलं, ‘‘लाव की. कोण नेतंय ती? पण जेवायला इथंच ये.’’ परत आलो तर सायकल सावलीत हलवलेली आणि पिठलं-भाकरी तयार.

महिना कोणता, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. त्या सुमाराला गेलात तर जावळीचं रान कसं गच्च असतं आणि खालून वर काही दिसत कसं नाही, ते कळतं. पावसाळ्यात जाऊ नका. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट दरडींनी ठिकठिकाणी तुटला होता. वरंधाही पावसात आणि रस्त्याच्या कामांसाठी बंद होतो, तेव्हा निघण्याआधी भोरमधल्या कुणाला तरी फोन करून विचारा. नकाशावर तो बंद असताना उघडाच दिसतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते. रेंज नाही तिथे मोबाईलवरून पैसेही जात नाहीत, म्हणून दहा-वीसच्या नोटा.

पहिल्या दिवशी पुणे ते वाई बराचसा हायवे आहे, ट्रकांचा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू, पहाटे पाचला निघायचं. वाईत लवकर पोचलात तर मेणवलीला जाऊन या, नाना फडणवीसांचा नदीवरचा घाट आणि वसईच्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा बघायला. खोगीर टोचायला तिथूनच सुरुवात होते. खोबरेल तेलाची छोटी बाटली त्यासाठी.

शेवटचं, हातरुमाल. वरंध्यात वाघजाईच्या देवळाजवळ कांदाभजी मिळतात, चढून आल्यावर ती खाल्ल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि पुढे लगेच भोरकडचा उतार सुरू होतो. तेलकट बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून सटकतात. आधी हात पुसा.