सहा वचनं आणि एक महिना: पवित्र शास्त्रातला छोटा उतारा खोलात कसा वाचावा

पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं स्तोत्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आईला मराठीतून, मुलांना हिंदीतून, कारण इथं इंदुरात आमची रविवारची उपासना हिंदीत होते आणि घरची प्रार्थना मराठीत. पाठ असल्यामुळेच ते आमच्यापैकी कुणी वाचत नव्हतं. ओठांवर यायचं आणि निघून जायचं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्याच्या सहा वचनांपाशी, म्हणजे आकडे घातलेल्या ओळींपाशी, महिनाभर बसले. रोज वीस मिनिटं, आधी छोटीशी प्रार्थना, मग वही आणि पेन्सिल. सामान एवढंच लागतं.

उतारा कुठून कुठवर, ते आधी ठरवा

चार ते दहा वचनं पुरतात. पण वचनांचे आकडे बघून उतारा कापू नका. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागातले, आज चालणारे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकानं 1551 मध्ये घातले. येशूचा प्रेषित पौल यानं पत्रं लिहिली तेव्हा ते नव्हते. 'मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे वाक्य कॅलेंडरवर असतं, परीक्षेच्या दिवसांत मुलं वहीच्या पहिल्या पानावर लिहितात. ते ज्या पत्रातलं आहे ते फिलिप्पैकरांस पत्र बंदिवासातून लिहिलेलं आहे. चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनापासून वाचत या, म्हणजे दिसेल की भरल्या पोटी कसं राहावं आणि उपाशी कसं राहावं हे आपण शिकलो, असं पौल सांगतो आहे. कॅलेंडरवरचं ते वाक्य म्हणजे तेरावं वचन, ते त्या उपाशीपणाला लागूनच येतं. स्तोत्राचं त्या मानानं सोपं असतं, अख्खं स्तोत्र हाच उतारा.

पहिला आठवडा वाचा आणि उतरवून काढा

मोठ्यानं वाचा. टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ समजावून देणारी पुस्तकं नकोत, मोबाइलवरचं प्रवचनही नको. दुसऱ्याचं उत्तर आधी कानावर पडलं की आपल्याला प्रश्न पडायचाच राहतो.

मग उतारा हातानं लिहा, एका ओळीत एकच वाक्य. क्रियापदाखाली रेघ मारा, सर्वनामाभोवती गोल करा. शाळेतल्या व्याकरणासारखं वाटेल, पण करून बघा. चौथ्या दिवशी माझ्या वहीत वरच्या ओळींमध्ये 'तो'भोवतीचे गोल होते: तो बसवतो, तो नेतो, तो ताजातवाना करतो. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथं एकदम 'कारण तू माझ्याबरोबर आहेस'. कुरणात असताना गाणारा देवाविषयी बोलत होता, दरीत उतरल्यावर तो देवाशी बोलू लागला. इतकी वर्षं म्हणत आले आणि हे दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी पुढं वाचलंच नाही.

मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी ठेवा

आपण इंदूरकर दोन भाषांत वाढतो, त्याचा इथं फार उपयोग होतो. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. जिथं दोन्ही जुळत नाहीत तिथं थांबा.

आपल्याकडे 'मृत्युच्छायेची दरी' आहे, हिंदीत 'घोर अन्धकार से भरी हुई तराई'. मूळ हिब्रू शब्द 'सलमावेत'. त्याची छाया आणि मृत्यू अशी फोड करता येते, नुसता गडद अंधार असाही अर्थ घेता येतो. म्हणजे हे वचन फक्त शेवटच्या आजारपणात म्हणायचं नाही. वाट दिसत नाही अशा कुठल्याही दिवसाला ते लागू आहे. पाचव्या वचनात हिंदीत देव 'मेज़ बिछाता है', मराठीत 'ताट वाढतोस'. ताट म्हटलं की वाढणाऱ्याचा हात दिसतो, आग्रह ऐकू येतो. इथं मेंढरू नाहीसं झालंय आणि पाहुणा आलाय, हेही त्या ताटामुळेच माझ्या लक्षात आलं.

एका जागी मात्र मी चुकले. मराठीत 'तुझी आकडी व तुझी काठी' आहे. पावसाळा सरला की राजस्थानातले रेबारी मेंढपाळ मेंढरं आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात. बायपासपलीकडे एक जण उंच आकडीनं बाभळीची फांदी खाली ओढत होता आणि मेंढरं पायांशी गोळा झाली होती. मला वाटलं, वचन कळलं: आकडी म्हणजे चारा. घरी हिंदीत पाहिलं तर 'सोंटा'. मूळ 'शेवेत' म्हणजे सोटा, दंड. जनावर अंगावर आलं तर हाणायचा. दुसरी काठी टेकायची. माझं चित्र सुंदर होतं, पण या वचनातलं नव्हतं. डोळ्यांपुढं आलेलं चित्र मूळ शब्दाशी ताडून बघा, मगच वहीत ठेवा.

एकाच शब्दाच्या मागं जा

पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याला एका शब्दापुरती मदत हवी असते. बायबलच्या अनेक मोबाइल अ‍ॅपमध्ये मूळ शब्दाला स्ट्राँगचा क्रमांक, म्हणजे स्ट्राँगच्या शब्दसूचीतला आकडा, दिलेला असतो. त्यावरून तोच शब्द आणखी कुठं आलाय ते सापडतं.

मी शेवटच्या वचनातला शब्द घेतला. आमच्या प्रतीत कल्याण आणि दया 'लाभतील' आहे, हिंदीत 'साथ साथ बनी रहेंगी'. दोन्ही शांत शब्द. मूळ क्रियापद 'रादफ', क्रमांक 7291: पाठलाग करणं. मिसरचा राजा फारो याचं सैन्य इस्राएल लोकांच्या मागं लागतं तिथं हाच शब्द आहे. शौल राजा दाविदाच्या जिवावर उठून रानोमाळ त्याच्या मागं फिरतो तिथंही हाच. आणि हे स्तोत्र दाविदाच्या नावावर आहे! ज्याच्या पाठीवर आयुष्यभर कुणी ना कुणी होतं, तो म्हणतो की आता कल्याण आणि दया माझा पाठलाग करतील. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला आणि स्तोत्र पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावलं.

टीकाग्रंथ आता उघडा

आता तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं तिथं शोधा. चर्चच्या पाळकांनाही विचारा. उताऱ्याचा अर्थ स्वतःच्या एका वाक्यात लिहा आणि तो घरातल्या कुणाला तरी सांगा; सांगताना अडखळलात तर त्या ओळीवर परत या.

पुढच्या महिन्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय, वचनं 32 ते 36 घ्या. मराठीत मेलेल्या लाजराची बहीण मरिया रडते आणि येशूही रडतो. ग्रीकमध्ये तिच्या रडण्याला एक क्रियापद आहे, त्याच्या रडण्याला दुसरं, आणि ते दुसरं नव्या करारात तेवढ्या एकाच जागी आलंय. हिंदीत पस्तिसावं वचन 'यीशु के आँसू बहने लगे' असं आहे. वहीचं पान दुमडून तिथूनच सुरुवात करा.