भाताचं गावठी वाण ऑनलाइन कसं नोंदवावं

घनसाळ, काळा जिरगा ही नावं आजऱ्यात सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राणी यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, फोटो टाकला की ओळख पडते ती ‘ओरायझा सटायव्हा’ या भाताच्या शास्त्रीय नावाएवढीच. इंद्रायणी असो की जिरगा, तिथं सगळं भात एकच. वाण उरतं ते टिपणात, म्हणून फोटोपेक्षा टिपणाला जास्त वेळ द्या.

शेतात दोनदा जा. पहिली खेप निम्मी रोपं निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर. ती तारीख आणि तरवा (लावणीसाठीची रोपं) पेरल्याची तारीख, दोन्ही लिहा. दुसरी खेप कापणीच्या तोंडावर. बांधालगतच्या ओळी सोडा, कारण तिथं ऊन आणि जागा जास्त मिळून फुटवे वाढतात नि माप फसतं. आतली १० रोपं निवडा. उंची जमिनीपासून लोंबीच्या टोकापर्यंत मोजा, कुसळ धरू नका. खोडाच्या बुडाचा रंग, लोंबी, टरफलासकट दाणा आणि सोललेला दाणा यांचे फोटो सावलीत, पट्टी ठेवून काढा. १० दाणे टोकाला टोक लावून मांडा आणि लांबीला १० ने भागा. वजनाला चांगले वाळलेले १०० दाणे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, तीन वेळा. ओलसर दाणे वजन फुगवतात.

नाव शेतकरी जसं उच्चारतात तसंच लिहा, सुधारू नका. एकाच नावाची दोन वेगळी वाणं शेजारच्या गावांत सापडू शकतात. बियाणं कुठनं आलं, किती वर्षं घरचं आहे, हेही विचारा. या दोन उत्तरांशिवाय नोंद लंगडी.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली जागेची माहिती गळते, मूळ फोटोच वापरा. जागेचे आकडे हातानं भरताना अक्षांश आधी, मग रेखांश: कोल्हापूर सुमारे १६.७, ७४.२. उलटे भरले तर शेत नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातं!

‘लागवडीचं’ ही खूण विसरू नका. खूण नसेल तर शेतातलं भात रानटी म्हणून जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या साठ्याच्या नकाशावर जाऊ शकतं आणि अभ्यासक फसतात. याउलट बांधावर, रानकडेला आपसूक उगवलेले मुगा-उडदाचे रानटी भाऊबंद दिसले तर ती खूण लावू नका. त्या नोंदी तिथं पोचायलाच हव्यात.

शेतकऱ्याला आधी विचारा. त्यांना जागा उघड करायची नसेल तर ‘अस्पष्ट’ पर्याय निवडा.

मग जेनेसिस (Genesys) या संकेतस्थळावर जनुकपेढ्यांतल्या, म्हणजे बियाणं जपून ठेवणाऱ्या संस्थांतल्या, नोंदी पाहा. वाणाचं नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहून शोधा. एका स्पेलिंगवर नाही मिळालं म्हणजे पेढीत नाही, असं समजू नका.

शेवटी सगळं टिपण छापून एक प्रत शेतकऱ्याला आणि एक गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोक जैवविविधता नोंदवहीसाठी द्या. पिकांची वाणं आणि शेतकरी हक्क यांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावानं वाण नोंदवायचं ठरलं, तर अर्जात अशीच लक्षणं विचारतात.